परिचारिकेचे पाहणे : त्वचा, केश आणि नखे



ज्या दिवंगत परिचारिकेच्या स्मरणार्थ मोहाडीची ही व्याख्यानमाला चालते तिच्या गुणांचे वर्णन मी करू लागावे हे शोभणारे नाही; तिच्या हातून ज्यांची बाळंतपणे झाली आणि तिच्याच हातून ज्यांना पहिली लस टोचली गेली अशी दोन पिढ्यांची माणसे समोर बसलेली असता बाहेरगावाहून आलेल्या वक्त्याने त्यांना तिची ओळख करून द्यावी, यासारखे हास्यास्पद दुसरे काही नाही. शिवाय परिचारिकांविषयी बोलायचे म्हणजे त्यांच्या त्यागाविषयी आणि सोशिकतेविषयी बोलायचे, असा जो एक प्रघात आपल्या सभासंमेलनांत पडून गेला आहे, तो मला मनापासून मान्य नाही. त्यागाची स्तुती करावयास खर्च येत नाही. वेतनाचा, पाळ्यांचा आणि एकीने किती खाटा सांभाळाव्यात याचा प्रश्न त्या स्तुतीच्या आड सुखाने दडून बसतो, आणि परिचर्या ही एक विद्या आहे, तिला स्वतःची निरीक्षणपद्धती, स्वतःचे निकष आणि स्वतःचे वादाचे मुद्दे आहेत, ही गोष्ट त्यात कायमची झाकोळून जाते. म्हणून आज मी त्या विद्येतील एकच प्रकरण, आणि तेही वरवर पाहता अगदी साधे वाटणारे, आपणांपुढे मांडणार आहे: रुग्णाची त्वचा, केस आणि नखे यांची परिचारिकेने करावयाची तपासणी. ही तपासणी उजेडात, हाताने आणि रुग्णाच्या संमतीने व्हावी, व ती आपल्या माणसांच्या सावळ्या अंगावरच शिकवली जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे नवे आहे असा माझा दावा नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले, त्यांत वैद्य, औषध आणि रुग्ण यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले, आणि परिचारकाच्या अंगी अनुराग व शुचिता हवी असे सांगताना उपचारांचे ज्ञान व दक्षता यांनाही तितकेच महत्त्व दिले; म्हणजे केवळ प्रेमळ असणे पुरेसे नाही हे त्या काळीही ठाऊक होते. योगरत्नाकरात रोगपरीक्षेची जी आठ स्थाने सांगितली आहेत त्यांत स्पर्श हे एक आहे. पुढे १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी आपल्या छोट्या पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे नव्हे, शुश्रूषेकडे जातो, अशा आशयाचे जे निर्भीड विधान केले, त्याने परिचारिकेच्या डोळ्यांवर जबाबदारी टाकली ती कायमची. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास सेवासदन निघाले आणि घराबाहेर पाऊल टाकणेही ज्यांना दुरापास्त होते अशा स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हापासून या विद्येचे आपल्याकडील पर्व खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी मानतो.

मात्र या विद्येची पाठ्यपुस्तके आली ती विलायतेतून, आणि त्या पुस्तकांतील रुग्ण गोरा होता. दाह झाला की कातडी लाल दिसते, रक्त कमी झाले की गाल पांढरे पडतात, प्राणवायू कमी पडला की ओठ निळे होतात, ही सगळी लक्षणे त्या गोऱ्या अंगावरून टिपलेली आहेत. अमेरिकेतील थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली त्वचेच्या वर्णांची जी प्रतवारी केली, तीत आरंभी केवळ गोऱ्या कातडीच्याच चार प्रती होत्या. तपकिरी आणि काळ्या वर्णांची भर मागाहून पडली. लंडनमधील मलोन मुकवेंडे नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकांच्या साह्याने काळ्यासावळ्या त्वचेवरील लक्षणांची सचित्र पुस्तिका सिद्ध केली ती २०२० साली. म्हणजे जगातील बहुसंख्य माणसांच्या कातडीला पाठ्यपुस्तकाचे दार उघडण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. भर उन्हात धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या आपल्या बायाबापड्यांची पाठ या पुस्तकांनी कधी पाहिलेलीच नव्हती. आणि आपल्या मुली मात्र तीच पुस्तके पाठ करून परीक्षा देतात, व खाटेशी गेल्यावर लाली शोधत बसतात.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते शय्याव्रणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका रुग्णालयात लकव्याने अंथरुणाला खिळलेले एक वृद्ध शेतकरी दाखल होते. शिकाऊ परिचारिकेने त्यांची पाठ पाहिली, लाली आढळली नाही, आणि तक्त्यावर त्वचा निर्दोष असल्याची नोंद करून ती मोकळी झाली. ज्येष्ठ सिस्टर फेरीवर आल्या, त्यांनी तक्ता वाचला, आणि एक शब्दही न बोलता प्रथम डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केली. मग दोघींनी मिळून खाट दाराच्या उजेडाकडे फिरवली. "बाबा, जरा कुशीवर घेते हं तुम्हाला, पाठ बघायची आहे," असे म्हणून सिस्टरनी त्यांना वळते केले, पांघरूण हवे तेवढेच दूर केले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "बोटांची मागची बाजू लाव इथं, माकडहाडावर. आता चार बोटं बाजूला लाव. काय वाटतं?" मुलीने दोनदा हात लावला आणि म्हणाली, "इथं गरम आहे, सिस्टर. आणि घट्टसुद्धा." तेवढ्या जागेचा सावळा रंग आसपासच्या सावळ्या रंगाहून किंचित जांभुळलेला आहे, हेही मग तिला दिसू लागले, कारण कोठे पाहायचे ते आता हाताने सांगितले होते.

शय्याव्रणाची पहिली पायरी म्हणजे दाबल्यावरही न मावळणारी लाली, अशी व्याख्या आहे. परंतु काळसर त्वचेवर ना ती लाली उमटते, ना तिचे मावळणे दिसते. अशा वेळी ऊब, घट्टपणा किंवा उलट लिबलिबीतपणा, आणि रुग्णाला तेथे होणारी वेदना हीच खरी साक्ष. ती सोडून रंगावर विसंबणाऱ्या परिचारिकेला व्रण कळतो तो कातडी फाटल्यावर, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. इंग्लंडातील डोरीन नॉर्टन बाईंनी १९६२ साली आणि अमेरिकेतील ब्रेडन व बर्गस्ट्रॉम या दोघींनी १९८७ साली शय्याव्रणाचा धोका मोजण्याच्या ज्या मोजपट्ट्या तयार केल्या, त्या तिघीही परिचारिका होत्या. ब्रेडन पट्टीत संवेदना, ओलावा, हालचाल, स्थलांतराची शक्ती, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देतात. बेरीज जितकी कमी तितका धोका अधिक, आणि १८ किंवा त्याखाली आली की सावध व्हावे. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळण्याचा रिवाज मात्र आता मोडीत काढावा हे बरे, कारण हाडाच्या उंचवट्यावर ज्या जागी दाब पडून आतील मांस आधीच गुदमरलेले असते तेथे जोराने चोळल्याने इजा वाढते. कितीतरी वडीलधाऱ्या सिस्टरना हे ऐकून वाईट वाटते, हे मला ठाऊक आहे.

वर्णाचा हा घोटाळा शय्याव्रणापुरताच नाही. रक्तक्षय पाहावयाचा तर गालांकडे पाहण्यात अर्थ नाही. खालची पापणी किंचित ओढून आतील अस्तर, जीभ, तळहाताच्या रेषा आणि नखांखालचे मांस पाहावे. नवजात बालकाची कावीळ दिव्याखाली न पाहता खिडकीशी नेऊन पाहावी, कपाळावर आणि छातीवर बोट दाबून सोडावे आणि रक्त परत येण्यापूर्वीच्या क्षणी खालचा रंग टिपावा. तळवे पिवळे झाले असतील तर वाट न पाहता वरच्या रुग्णालयात पाठवावे. निळेपणाची कथा आणखी विचित्र आहे. प्राणवायू गमावलेले हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम साठल्याखेरीज ओठ निळे दिसत नाहीत. तेव्हा जिच्या अंगात मुळात हिमोग्लोबिनच सहा ग्रॅम आहे, आणि आपल्या भागात अशा गर्भवती रोज केंद्रावर येतात, ती श्वासासाठी तडफडत असली तरी निळी पडणार नाही, कारण निळे पडण्याइतकेही रक्त तिच्याजवळ नाही. ओठ निळे नाहीत म्हणून निर्धास्त राहणाऱ्या परिचारिकेला हे कोणी सांगितलेले नसते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे ना, असे कोणी म्हणेल. तर अमेरिकेतील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, यंत्र समाधानकारक आकडा दाखवीत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू घसरलेला असणे, हा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. यंत्रालाही आपल्या वर्णाची ओळख पुरती पटलेली नाही. त्यावर नखांना रंग किंवा मेंदी असली तर विचारूच नये. गरज पडल्यास एका बोटाचा रंग पुसून घ्यावा, आणि का पुसतो ते त्या मुलीला सांगून पुसावा.

आता ज्या रोगामुळे विदर्भात कातडीकडे पाहणे हाच एक सामाजिक प्रश्न झाला, त्या कुष्ठरोगाकडे वळतो, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला, तरी १८९८ चा कायदा रुग्णाला कोंडून ठेवण्याचाच विचार करीत होता, आणि तो कायदा आपल्या संसदेने रद्द केला तो २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद तर २०१९ पर्यंत कायदेपुस्तकात शाबूत होती. या कायदेशीर अंधाराच्या काळात उजेडाचे काम झाले ते नागपूर-वर्ध्याच्या आसपास. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामात आलेल्या कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींच्या व्रणांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. परंतु ज्या कार्यपद्धतीचा माझ्या विषयाशी सर्वांत निकटचा संबंध आहे, ती तुलनेने कमी परिचित आहे: १९५१ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. र. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तिन्हींची सांगड घालून, रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन प्रत्येक माणसाचे अंग पाहावे, अशी पद्धत रूढ केली. दोन हात, दोन डोळे आणि दिवसाचा उजेड, एवढ्या भांडवलावर चाललेले ते काम होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे रोग बरा होऊ लागला, हे खरे. पण औषध देण्यापूर्वी चट्टा दिसावा लागतो, आणि तो आजही कोणातरी परिचारिकेला किंवा आशाताईलाच दिसावा लागतो.

तो पाहावा कसा? चट्टा आसपासच्या वर्णापेक्षा फिकट किंवा तांबूस असतो, पण दिव्याच्या झगझगाटात तो विरून जातो. म्हणून माणसाला अंगणात किंवा दाराशी आडव्या उजेडात उभे करावे. पाठ, कुल्ले, मांड्यांची मागची बाजू ही माणसाला स्वतःला न दिसणारी स्थाने अगोदर पाहावीत. चट्ट्यावर लव कमी झालेली असते, घाम येत नाही, कातडी कोरडी पडते. मग संवेदना पाहावयाची, आणि येथेच बहुतेक चुका होतात, कारण चट्ट्याला पेन लावून "दुखतं का?" असे विचारले की भिडस्त माणूस "हो" म्हणून टाकतो. खरी रीत अशी: प्रथम निरोगी जागेवर पेनाचे टोक हलकेच टेकवून "असं लागेल" हे दाखवून द्यावे, मग "आजी, आता डोळे मिटा, आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवा, बोलू नका" असे सांगून कधी निरोगी जागी, कधी चट्ट्यावर, क्रम न ठेवता टोक टेकवावे. आजींचे बोट बरोबर जागी आले तर ठीक. ते हवेतच थांबले, तर निदानाची निम्मी वाट सरली. याच्याच जोडीला कोपराच्या आतील हाडामागून जाणारी मज्जातंतूची दोरी दोन्ही हातांवर चाचपून तिच्या जाडीची तुलना करावी. भुवयांचा बाहेरचा भाग विरळ झाला आहे काय, कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत काय हेही पाहावे. बोटे झडतात ती रोगाने नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे चुलीचा चटका, काटा आणि जखम कळत नाही म्हणून, हे वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनी सिद्ध केले. त्याचा अर्थ असा की, बधिर तळव्याला दररोज पाहण्याची सवय लावणारी परिचारिका ती बोटे वाचवीत असते.

चट्टा म्हटला की कुष्ठच, अशी धास्तीही तितकीच घातक आहे. कपाळावर टिकलीच्या जागी पडलेला पांढरा ठिपका हा पुष्कळदा टिकलीच्या गोंदातील रसायनामुळे रंग गेल्याने पडतो. तेथे संवेदना शाबूत असते, आणि टिकली बदलणे हा त्यावरील पहिला उपाय आहे. कोडाच्या डागालाही स्पर्श कळतो. शिबे, नायटा, खरूज यांची ओळख आपल्याकडे घराघरांत आहे, पण अलीकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित ट्यूबांनी नायट्याचे रूप इतके पालटून टाकले आहे की, कडा नाही, खाज नाही, आणि तरीही तो मांडीभर पसरतो आहे, असे दृश्य दिसते. तेव्हा तपासणीत "काय लावलं होतं?" हा प्रश्न "काय झालं?" या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. आणि ज्याच्या औषधात क्लोफॅझिमिन आहे त्या कुष्ठरुग्णाला, तुमचा वर्ण काही महिने काळवंडेल, औषध संपल्यावर हळूहळू पूर्वीसारखा होईल, हे आधीच सांगितले नाही, तर अनेक जण, विशेषतः लग्नाच्या मुली, गोळ्या चुलीत टाकतात. त्यांना दोष देता येत नाही.

भात आणि पाणी यांच्या या मुलखात आणखी एक कारण आहे ज्यासाठी सारे अंग पाहावे लागते. रोवणीच्या दिवसांत चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या पांढऱ्या होऊन फाटणे, आणि उन्हाळ्यात टाचांना जळवात होणे, हे तर नित्याचेच. परंतु २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस या तापाने माणसे दगावली, तेव्हा डॉक्टर-परिचारिकांना एका गोष्टीचा शोध घ्यावा लागला. गवतातील सूक्ष्म गोचिडासारखा जीव ज्या जागी चावतो तेथे बिडीचा चटका बसावा तशी, काळ्या खपलीची आणि न दुखणारी एक छोटी जखम उरते. ती दिसली तर निदान जवळजवळ हाती येते आणि डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध जीव वाचवते. पण ही खपली बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली असते, आणि रुग्णाला ती ठाऊकच नसते. सदरा-लुगडे अंगावर असतानाच ताप मोजून घेतलेल्या माणसाची ती खपली कोणाला दिसणार?

आणि तरीही, अंग उघडे करा म्हणणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट नाही, व ती तशी नसण्याला इतिहास आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा काखेतील आणि जांघेतील गाठी पाहण्याच्या सबबीवर प्लेग-अधिकारी रँडच्या अमदानीत सोजिरांनी घरांत शिरून जी झडती घेतली, स्त्रियांची जी तपासणी चारचौघांत झाली, तिचा संताप २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडला. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले वारल्या. गाठी दोघांनीही पाहिल्या असणार. रँडच्या माणसांनीही आणि सावित्रीबाईंनीही. वैद्यकदृष्ट्या त्या झडतीत काही तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण रोग खरोखरच भयंकर होता. परंतु परवानगीवाचून, पडद्यावाचून, परक्या पुरुषाच्या हातांनी केलेल्या तपासणीने लोक रोगी लपवू लागले, आणि ज्या साथीला आळा घालायचा तिलाच हातभार लागला. परिचारिकेने विचारलेले "बघू का?" आणि ओढलेला पडदा हा म्हणून केवळ शिष्टाचार नव्हे, तपासणीच्या अचूकतेचाच तो भाग आहे. संकोचलेला रुग्ण अर्धेच अंग दाखवतो.

नखांविषयी थोडक्यात सांगतो, जरी माझा जीव या प्रकरणात विशेष रमतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. त्यामुळे नखावर आडवी खाच दिसली आणि ती मुळापासून ६ मिलिमीटरवर असली, तर सुमारे दोन महिन्यांपूर्वी या माणसाला जबर ताप किंवा मोठे आजारपण येऊन गेले, असा हिशेब मांडता येतो. बो नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४६ साली या खाचांचे वर्णन केले, आणि दवाखान्यात जुने कागद न आणलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या आजही उपयोगी पडतात. लोहाच्या कमतरतेने नख पसरट होत होत मध्ये खोलगट होते. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळत नाही. दोन हातांची एकसारखी बोटे नखाला नख लावून टेकवली की मधोमध एक हिऱ्याच्या आकाराची फट दिसते. बोटांची टोके फुगलेली असली तर ती फट बुजते, आणि मग फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुनाट रोग शोधावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील शामरॉथ या हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ साली ही खूण प्रसिद्ध केली ती स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर पाहून. सावळ्या माणसांच्या नखांवर उभ्या काळसर रेघा असणे हे बहुधा नैसर्गिक असते, हेही सांगून ठेवतो. परंतु एकाच नखावर नव्याने उमटलेली आणि रुंदावत जाणारी रेघ मात्र डॉक्टरांना दाखवावी.

केसांचे तंत्र निराळे आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण होऊन गेल्यावर दोनतीन महिन्यांनी केसांचे पुंजकेच्या पुंजके हाती येतात, आणि बाई घाबरून जाते. ते परत येतात हे तिला ठामपणे सांगणे हा उपचारच आहे. कुपोषित मुलाच्या केसाचा रंग उतरून तो तांबूस होतो, ओढताच विनासायास हाती येतो, आणि आहार सुधारून पुन्हा बिघडला की एकाच केसावर फिक्या-गडद रंगांचे पट्टे उमटतात. डोक्यात जट असली तर देवीच्या कोपाच्या भीतीने ती कोणी कापू देत नाही. तिच्याखाली उवा, व्रण आणि मानेचे दुखणे वर्षानुवर्षे साठत राहते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजावून, धीर देऊन अशा अनेक स्त्रियांच्या जटा उतरवल्या आहेत, आणि त्या कामाची रीत परिचारिकांनी शिकण्यासारखी आहे: कात्री सर्वांत शेवटी निघते.

अंगावर माणसांनी उमटवलेल्या खुणाही असतात. मेळघाटात तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या सळईचे डाग देण्याचा प्रकार अजून पुरता थांबलेला नाही. आणि "पायरीवरून पडले" असे सांगणाऱ्या बाईच्या दंडाच्या आतील बाजूस चार बोटांचे वळ असतात. येथे परिचारिकेने रागावणे किंवा उपदेश करणे हे काम बिघडवणारे आहे. जागा कोणती, आकार केवढा, रंग कोणता, रुग्णाने स्वतः काय सांगितले, हे तारीख-वेळेसह जसेच्या तसे लिहावे, आपला तर्क त्यात मिसळू नये, आणि डॉक्टरांना तत्काळ वर्दी द्यावी. कोर्टकचेरीत उद्या हाच कागद त्या बाईच्या बाजूने बोलणार असतो. "त्वचा ठीक" या दोन शब्दांच्या नोंदीसारखी निरुपयोगी नोंद रुग्णालयाच्या दप्तरात दुसरी नाही. काय पाहिले, कोठे पाहिले, आणि काय पाहावयाचे राहिले, एवढे लिहिले तर पुढच्या पाळीची परिचारिका तेथून पुढे चालू शकते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. परिचर्येच्या प्रशिक्षणसंस्थांनी, रुग्णांची लेखी संमती घेऊन आणि चेहरा वगळून, आपल्याच जिल्ह्यांतील सावळ्या त्वचेवरील लक्षणांचे चित्रसंग्रह मराठीत तयार करावेत. प्रत्येक आरोग्य केंद्रात निदान एक खाट अशी असावी की जिच्यावर दिवसाचा उजेड पडतो आणि जिच्याभोवती धड ओढता येईल असा पडदा आहे. आणि दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाचे अंग पहिल्या दिवशी एकदा संपूर्ण पाहण्यास परिचारिकेला जो अवधी लागतो तो तिच्या कामाच्या हिशेबात धरला जावा, कारण आज तो धरला जात नाही.

उरलेली विनंती आपणां सर्वांना. देशाच्या पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून खाली आले, परंतु भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या पट्ट्यातून तो गेलेला नाही. शोधमोहिमेच्या वेळी आशाताई दारात येतात तेव्हा "आमच्याकडे कोणाला काही नाही" असे उंबऱ्यावरूनच सांगून त्यांना परत पाठवू नका. त्यांना आत घ्या, मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पाठी त्यांना उजेडात पाहू द्या, आणि बधिर चट्टा निघालाच तर भिऊ नका. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष त्या नियमितपणे घेतल्या की माणूस बरा होतो.